दुरुस्तीची रक्कम कुठल्या रकान्यात?

गाठीमागे एक रुपया. १९२० साली मुंबई शहरात येणाऱ्या कच्च्या कापसावर हा कर बसला. पावणेदोनशे किलोच्या आसपास वजनाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया सरकारने घ्यायचा आणि त्यातून गिरणी कामगारांसाठी बांधायच्या चाळींची तूट भरून काढायची, अशी योजना होती. त्या काळी यवतमाळ भागातला कापूस नॅरोगेजच्या ‘शकुंतले’ने मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला जात असे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मुंबईच्या कौन्सिलात आमचा माणूस नव्हता, कर मात्र आमच्या गाठीवरही होता. व्यापारी असा कर पदरमोड करून भरत नसतो, तो भावातून कापला जातो. म्हणजे सरकारी भाड्याच्या घरांचा महाराष्ट्रातला एक मोठा प्रयोग उभा करण्यात घाटंजी-यवतमाळकडच्या शेतकऱ्याचाही थोडा वाटा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

त्या रुपयाचं काय झालं? गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ५०,००० खोल्यांचा आराखडा केला होता. चाळीला ८० खोल्या धरल्या तर ६२५ चाळी. बांधून झाल्या २०७: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे १६ फूट बाय १० फूट. संडास आणि नळ मजल्यावर सामाईक. याच आजच्या बीडीडी चाळी.

बाकीच्या ४१८ चाळी का झाल्या नाहीत, याचं एक कारण पैशाचं होतं. दुसरं कारण भाडेकरूंनी दिलं: ते आलेच नाहीत. भाडं बांधकामखर्चाच्या मानाने कमी ठेवूनही चाळी कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या. वरळीच्या काही चाळींत तर १९३० च्या सत्याग्रहात पकडलेल्या माणसांसाठी तात्पुरता तुरुंग उघडावा लागला. वरळी गिरण्यांपासून लांब होती. सिमेंट-काँक्रीटची खोली उन्हाळ्यात तापायची. खोल्या कशा हव्यात, हे त्यात राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. स्वस्त भाडं ठेवलं की भाडेकरू रांग लावतो, ही समजूत १०० वर्षांपूर्वीच या २०७ इमारतींनी खोटी पाडली, पण सरकारी कागदावर ती आजही शाबूत आहे.

पुढे गर्दी झाली, चाळी भरल्या आणि एकेका खोलीत आठ-दहा माणसं राहू लागली. घरमालक बदलला नाही. आधी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, मग सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हणजे सरकारच. भाडं नाममात्र आणि दुरुस्तीही नाममात्र. शेवटी सरकारने या पेचातून सुटण्याचा जो मार्ग निवडला तो लक्षात घेण्यासारखा आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, तेही फुकट आणि मालकी हक्काने. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ ला वाटल्या गेल्या. पुनर्विकास होईपर्यंत ज्यांनी संक्रमण शिबिराऐवजी बाहेर घर घेतलं, त्यांना महिन्याला २५,००० रुपये भाडं सरकारच देतं. घरमालकाने भाडेकरूला भाडं द्यावं, असा हा प्रकार. नव्या इमारतींची १२ वर्षं देखभाल म्हाडा करणार आहे. ही अटही रहिवाशांना महत्त्वाची वाटली, कारण देखभाल नसलेल्या घराचा अनुभव त्यांना तीन-चार पिढ्यांचा आहे.

चांगला घरमालक होता येत नसेल तर घरमालकीच सोडून द्यायची, हे धोरण फक्त मुंबईपुरतं नाही. घाटंजीत त्याचं नाव घरकुल.

गेल्या काही वर्षांत घाटंजी तालुक्यात सरकारने घराच्या नावाखाली जे काही दिलं, ते जवळपास सगळं मालकीच्या घरासाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार, किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. कोलाम पोडांवर पीएम-जनमनमधून २ लाख. शहरात, म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीत, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अडीच लाख. हे आकडे वाईट नाहीत. कवेलू उतरून स्लॅब पडलेली शेकडो घरं या भागात डोळ्यांना दिसतात. पण अडीच लाखांच्या अर्जात पहिला प्रश्न जागेचा असतो. सातबारा, नमुना आठ, मालमत्ता पत्रक यातलं काहीतरी हवं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत आहे, पण ती ग्रामीण यादीतल्या लाभार्थ्याला. बसस्टँडमागच्या खोलीत राहून जिनिंगमध्ये हंगाम करणारा, चार घरी धुणीभांडी करणारी बाई, गावाकडे शेत नसलेला हमाल, हे कुठल्याच यादीत बसत नाहीत.

अशी माणसं किती? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के भाड्याच्या घरात होती, ग्रामीण भागात ३.४ टक्के. घाटंजीसारखं तालुक्याचं गाव या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी बसतं: कागदावर शहर, वागणुकीत निम्मं खेडं. त्याच जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती आणि रिकाम्या शहरी घरांत महाराष्ट्र पहिला, सुमारे २० लाखांसह. एकीकडे घर शोधणारा, दुसरीकडे कुलूप. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने याचा संबंध करार पाळले जाण्याविषयीच्या अविश्वासाशी जोडला होता. घरमालकाला भीती, भाडेकरू निघणार नाही. भाडेकरूला भीती, उद्या निघायला सांगतील.

घाटंजीत भाडेकरूंना मदत करणारा सरकारी पैसा अजिबात नाही असं नाही. तो दोन दारांनी येतो, आणि दोन्ही दारं अरुंद आहेत. पहिलं दार सरकारी नोकरांचं. सातव्या वेतन आयोगात शहरांचे तीन वर्ग केले. सर्वांत खालच्या वर्गात घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्क्यांपासून सुरू झाला, महागाई भत्ता वाढला तसा ९ आणि मग १० झाला. घाटंजी याच वर्गात. ४०,००० मूळ वेतन असलेल्या शिक्षकाला १० टक्क्यांनी ४,००० रुपये होतात. (तो मुख्यालयी राहतो की यवतमाळहून येऊन-जाऊन करतो, हा वाद विधानसभेपर्यंत गेलेला आहे. इथे त्यात शिरत नाही.)

दुसरं दार विद्यार्थ्यांचं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी मुलामुलींसाठीच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ३८,००० रुपये आहेत: भोजनाचे २३,०००, निवासाचे १०,०००, निर्वाहाचे ५,०००. मधला आकडा बघा. सरकारच्या हिशेबाने तालुक्याच्या गावात एका विद्यार्थ्याचा निवारा वर्षाला १०,००० रुपयांचा, म्हणजे महिन्याला ८३३. मुंबई-पुण्यासाठी हाच आकडा २०,००० आहे. मुंबईत महिना १,६६६ रुपयांत खाट मिळत असेल तर मला पत्ता हवा आहे. घाटंजीत मात्र दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली की ८३३ रुपये अगदीच हास्यास्पद ठरत नाहीत.

या दोन दारांत न मावणाऱ्यांसाठी घाटंजीत घरमालक म्हणजे एखादी वाढीव खोली असलेलं शेजारचं कुटुंब. काका-काकू म्हणायचं, सणाला पुरणपोळीचं ताट येतं, आणि पावसाळ्यात ‘काका, टिनं गयून राह्यले’ असं सांगायला जीभ रेटत नाही. कारण काका चिडले तर ‘मंग दुसरी खोली पाहा’ हे उत्तर तयार असतं.

तर भाडेकरूला हवं तरी काय? घाटंजीच्या मानाने सांगतो. टिन किंवा स्लॅब गळू नये, आणि गळालं तर पुढच्या नक्षत्राआधी दुरुस्त व्हावं. नळ येईल त्या दिवशी पाण्याची पाळी ठरलेली असावी. विजेचं वेगळं मीटर असावं, म्हणजे काकांच्या कूलरचं बिल खोलीवाल्याच्या माथी पडणार नाही. संडासाची टाकी भरली तर उपसायचं कुणी, हे आधी बोललेलं असावं. भाड्याची पावती मिळावी. ही पावती वाटते तेवढी किरकोळ नाही. रेशनकार्डाचा पत्ता बदलायचा, मुलाचा रहिवासी दाखला काढायचा, गॅस जोडणी घ्यायची, प्रत्येक ठिकाणी भाडेकरू पुराव्यावाचून अडतो. आणि निघायचंच असेल तर शाळेचं वर्ष संपेपर्यंतची मुदत. या यादीत भाडं कमी करा हे मागणं खालच्या बाजूला येतं. भाडं ठरवूनच तो खोलीत आलेला असतो. ठरलेलं नसतं ते बाकीचं.

कायद्यात यातलं बरंच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ज्या गावांना तो लागू आहे तिथे पावती देणं घरमालकावर बंधनकारक, पाणी-वीज तोडणं गुन्हा, करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. दुरुस्तीबद्दलचं कलम १४ वाचण्यासारखं आहे. घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. त्याने केलं नाही तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. ऐकायला छान. पण वळती रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको.

हा चतुर्थांश मांडून बघू. भाडं महिना २,००० असेल तर वर्षाचे २४,००० आणि दुरुस्तीला ६,०००. चार टिनं बदलता येतील, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग नाही. आता मुंबईतली जुनी चाळ घ्या, जिथे १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठलं. महिना ५० रुपये भाडं धरलं तर वर्षाचे ६००, चतुर्थांश १५०. दीडशे रुपयांत गवंडी जिनाही चढणार नाही. म्हणूनच १९६९ मध्ये सरकारला वेगळा कायदा करून मुंबईतल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर लावावा लागला आणि त्या पैशातून दुरुस्ती करणारं मंडळ उभारावं लागलं. भाड्याने दुरुस्तीचा खर्च निघत नाही, हे सरकारने तेव्हा लेखी कबूल केलं होतं.

या कायद्यातला सर्वांत बोलका भाग मात्र कलम ३ मध्ये आहे. सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे काकांसारख्या खासगी घरमालकावर जी बंधनं घालायची, ती बीडीडी चाळींच्या मालकावर नाहीत. उद्या नगरपरिषदेने खोल्या बांधून भाड्याने दिल्या तर तिच्यावरही नसतील.

इंग्लंडमध्ये उलट घडलं. २०२० च्या डिसेंबरात रॉचडेल गावात गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यावर २०२३ मध्ये कायदा झाला, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून अवाबच्या नावाने ओळखले जाणारे नियम लागू झाले. जिवाला तातडीचा धोका असेल तर सामाजिक घरमालकाने, म्हणजे कमी भाड्याची घरं चालवणाऱ्या गृहसंस्थेने किंवा नगरपालिकेने, २४ तासांत काम करायचं. मोठ्या ओलीची किंवा बुरशीची तक्रार आली तर १० कामाच्या दिवसांत तपासणी, आणि धोका आढळल्यावर ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित. त्याआधीच, एप्रिल २०२३ पासून, तिथल्या प्रत्येक सामाजिक घरमालकाला २२ निकषांवर स्वतःचे आकडे जाहीर करावे लागतात. त्यातले १२ थेट भाडेकरूंना विचारून काढलेले: दुरुस्तीवर समाधानी आहात का, तुमचं ऐकतात का, वागणूक आदराची आहे का. उरलेले १० कार्यालयाच्या नोंदींतून. व्हिएन्ना शहर सुमारे २ लाख २० हजार घरांचं मालक आहे. तिथे नगरपालिकेच्या घरात राहणं गरिबीचं लक्षण समजलं जात नाही, आणि वसाहतींमध्ये भाडेकरूंची निवडून आलेली समिती असते.

आपल्याकडे आवास योजनेचा रोजचा आकडा उद्दिष्ट, मंजूर, पूर्ण असा तीन रकान्यांत येतो. दुसऱ्या पावसाळ्यात किती छतं गळाली, याचा रकाना नाही. मालकीच्या घरात तो नसला तर एक वेळ समजू शकतं, घर ज्याचं त्याने बघावं. भाड्याच्या घरात तोच रकाना मुख्य असायला हवा.

आणि भाड्याची घरं येऊ घातली आहेत, निदान कागदावर. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेल्या मजुरांची दृश्यं ताजी असताना, केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरकुल संकुलांची योजना आणली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली लाखभर घरं भाड्याने द्यायची, हा तिचा एक भाग. भाडेवाढ दोन वर्षांनी ८ टक्के, पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांच्या आत. आपल्या राज्याच्या ४ टक्क्यांनी पाच वर्षांत २१.७ टक्के होतात, म्हणजे भाडेकरूच्या दृष्टीने फारसा फरक नाही. प्रत्यक्षात भाड्यासाठी तयार झालेली जुनी घरं साडेपाच-पावणेसहा हजारांच्या घरात राहिली, म्हणजे लाखातली पाच-सहा टक्के. २०२४ मध्ये सुरू झालेल्या आवास योजना शहरीच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याचा हा विभाग पुन्हा आहे. नव्या तंत्राने बांधल्यास चौरस मीटरला केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० असं अनुदान मिळतं. योजना वैधानिक शहरांसाठी आहे, घाटंजी नगरपरिषद त्यात बसते.

तर घाटंजीत ३० चौरस मीटरच्या २० खोल्या बांधल्या, असं धरू. पुढचे दर माझे अंदाज आहेत, वाचकाने आपले घालून बघावेत. बांधकाम चौरस मीटरला १८,००० धरलं तर ६०० चौरस मीटरचे १ कोटी ८ लाख. अनुदान ५,००० दराने ३० लाख. उरलेले ७८ लाख कर्जाऊ, ८ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६ लाख २४ हजार. जागा नगरपरिषदेची, फुकट धरली.

आता मिळकत. भाडं २,०००. आधार योजनेतले दोन विद्यार्थी एक खोली घेतील तर दोघांचे मिळून वर्षाला २०,००० सरकारकडून येतात, ४,००० पदरचे घालावे लागतात; जमण्यासारखं आहे. २० खोल्यांचे वर्षाला ४ लाख ८० हजार. दहावा हिस्सा रिकामेपणात आणि थकबाकीत गेला की ४ लाख ३२ हजार. कायद्यातला तोच चतुर्थांश दुरुस्तीला बाजूला काढला: १ लाख ८ हजार. जिन्याचा दिवा, पंप, टाकी, सफाई मिळून ६०,०००. तक्रार लिहून घेणारा, नळ बदलणारा, प्लंबरच्या मागे लागणारा एक माणूस महिना १२,००० वर: १ लाख ४४ हजार. उरले १ लाख २० हजार. व्याज ६ लाख २४ हजार. तूट वर्षाला ५ लाख ४ हजार, खोलीमागे महिन्याला २,१००. मुद्दल फेडायचं अजून बोललोच नाही.

ही तूट भरण्याचे रस्ते मोजके आहेत. भाडं दुपटीच्या वर न्यायचं, मग जिनिंगवाला हमाल आणि धुणीभांडीवाली बाई बाहेर. राज्याने दरवर्षी पाच लाख द्यायचे, म्हणजे २० कुटुंबांमागे वर्षाला २५,२०० रुपये. अडीच लाखांच्या एका घरकुल अनुदानात असं एक कुटुंब दहा वर्षं चांगल्या खोलीत राहतं. मला हा व्यवहार महाग वाटत नाही, पण त्यात चावी वाटपाचा कार्यक्रम एकदाच होतो, खर्च मात्र दरवर्षी असतो. तिसरा रस्ता सर्वांत सोपा आणि आजवर सर्वांत जास्त वापरलेला. दुरुस्तीचे १ लाख ८ हजार आणि त्या माणसाचे १ लाख ४४ हजार पुसून टाकायचे. बरोबर अर्धी तूट भरून निघते, आणि पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण इमारत नवी असते.

नगरपरिषदेपुढे असा प्रस्ताव आलाच तर भाड्याचा दर शेवटी वाचला तरी चालेल. आधी बघायचं ते एवढंच, की हे २ लाख ५२ हजार कुठल्या लेखाशीर्षाखाली आहेत, ते दुसरीकडे वळवायला बंदी आहे का, आणि तक्रारीची तारीख आणि दुरुस्तीची तारीख शेजारीशेजारी लिहायचं रजिस्टर कुणाच्या टेबलावर राहणार आहे.